पंचविसाला थांबलेली फौजिया

या मावशी, बसा. पिशवी ठेवा त्या बाकड्याखाली, कोन न्हेत न्हाई. भोरची येष्टी आत्ताच गेली, दुसरीला अवकाश हाय. तवर एक गोष्ट सांगतो. मधी मधी हसू येईल तुमास्नी, खुशाल हसा. पर हसून झाल्यावर तोंड कडू पडलं, तर मला बोल लावायचा न्हाई.

भोरात मौलाली शिंप्याची थोरली पोरगी फौजिया. इंग्रजी घेऊन बी.ए. करत हुती तवाच बाप गेला. मागं आई अजीजुन्निसा, धाकटी बहीन अम्रीन आन् शेंडेफळ अल्ताफ. फौजियानं बी.ए. बी पुरं केलं आन् पुढच्या खोलीत शिकवन्या बी धरल्या. दहावीची पोरं यायची. अम्रीनचं लगीन तिनं लावलं, अल्ताफला गाडीचं लायसन तिनं काढून दिलं. ह्या वढाताणीत तिचं सवताचं लगीन र्‍हाऊन गेलं.

आता पोरीचं लगीन र्‍हायलं की आई काय करती? वय धरून ठिवती. इचारील त्याला अजीजुन्निसा सांगायची, "आमची फौजिया? पंचवीस." पयल्या वर्षी ते खरं हुतं. दुसऱ्या वर्षी बी पंचवीस. पुढं अम्रीनला दोन लेकरं झाली, अल्ताफ कंपनीची जीप चालवाय लागला, फौजिया आपली पंचविसावरच, घड्याळ बंद पडावं तशी. खरी चौतिसाला आलेली. आख्ख्या गल्लीला ठावं, पर तोंडावर कोन बोलायचं न्हाई. पोरीचं वय आन् कुनाच्या घरातली चूल, ह्या दोन गोष्टी गाव झाकून घेतं.

तवा मोबाईल अजून खिशात आलं नव्हतं. नीरेच्या पुलापल्याड एक नवी कंपनी उभी र्‍हात हुती आन् तितं मशिनी बसवाय कोरियाची मानसं आल्याली. त्यातला एक सायेब, बे त्याचं आडनाव, बायकोला घिऊन सारोळ्यात हायवेच्या कडंला बंगल्यात र्‍हायचा. अल्ताफ त्याचाच डायवर.

एक दिस अल्ताफ जेवता जेवता म्हनला, "आपा, आमच्या म्याडमला इंग्रजी शिकिव की. दिसभर खिडकीत बसून ट्रका मोजती बिचारी. दूधवाल्याशी बी हातवारं करून बोलती."

"अरे, मी इंग्रजी शिकवती ती मराठीतनं. तिला कशातनं शिकवू? तुझ्या डोक्यातनं?"

"ते तुझं तू बघ. मी हो म्हनून आलोय."

"कुनाला इचारून?"

"तुलाच तर इचारतोय आता!"

फौजिया तोंडानं चिडली, पर पोटातनं घाबरली हुती. बी.ए. झाली खरी, पर जित्या मानसाशी इंग्रजी बोलायची पाळी तिच्यावर कदी आलीच नव्हती. सगळी इंग्रजी फळ्यावरची. रातभर घोकून ती सारोळ्याला गेली.

दार उघडलं तर म्होरं एक नाजूक बाई, युन-जू तिचं नाव. तिनं पार कंबरंतनं वाकून नमस्कार केला. चहाचा कप दोनी हातांनी धरून दिला. फौजियानं घोट घेईस्तवर सवताच्या कपाला हात लावला न्हाई. "टीचर, टीचर" म्हनत म्होरं बसली, शाळंतल्या पोरीवानी. फौजियाला कुठं बघावं कळंना. भोरातल्या पोरांनी एवढा मान दिला असता, तर सगळी मॅट्रिक पास झाली असती.

मग युन-जूनं एक बारकी डिक्शनरी काढली, पानं चाळली, आन् हसून इचारलं, "टीचर, हाऊ ओल्ड?"

त्यांच्यात तशी रीतच हाय, मावशी. भेटल्या भेटल्या वय इचारत्यात. थोरलं कोन, धाकलं कोन, हे कळल्याबिगर एकमेकांशी वागावं कसं तेच ठरत न्हाई त्यांचं. पर हे फौजियाला काय ठावं? तिला वाटलं, मेली ही बी भोरातलीच निघाली! दारात अल्ताफ चाव्या फिरवत हुबा. त्यानंच परवा आपाला बघाय आलेल्या शिरवळच्या पावन्यांना तिचं वय पंचवीस सांगितल्यालं. फौजियाच्या तोंडातनं निघून गेलं, "ट्वेंटी फाइव्ह."

युन-जूनं टाळी वाजवली. सवताच्या छातीवर बोट ठिवलं, "थर्टी! आय बिग सिस्टर." आन् फौजियाच्या डोक्यावर टपली मारली.

झालं. तितनं सगळं फिरलं. त्यांच्या भाषेत थोरल्या बहिनीला उन्नी म्हनत्यात. चौतिसाची फौजिया तिसाच्या बाईला उन्नी म्हनाय लागली.

शिकवनी बी आधी चालंना. फौजिया पुस्तक उघडून "आय गो, मी जातो" म्हनायची आन् जीभ चावायची, कारन "मी जातो" तिला कळायला नगं का? शेवटी पुस्तक मिटलं आन् दोघी सैपाकघरात शिरल्या. चमचा, पातेलं, मीठ. मग रस्त्यावर. मग गेनबाच्या भाजीच्या गाड्यावर. चार हप्त्यांत युन-जू कांद्याचा भाव ऐकून कंबरंवर हात ठिवून "टू मच!" म्हनाय लागली. गेनबा वरडला, "फौजियाबाई, हिला इंग्रजी शिकवताय का मला लुटाय शिकवताय?"

धडा संपला की युन-जू थोरली व्हायची. "फौजिया, पानी आन. फौजिया, हितं बस. फौजिया, खा." हिच्या ताटात सवताच्या जेवायच्या काड्यांनी मासा वाढायची. पावसात भिजून आली तर टावेलानं खसाखसा डोकं पुसायची आन् तिच्या भाषेत रागवायची. आन् खरं सांगू मावशी, फौजियाला ते ग्वाड लागाय लागलं. बाप गेल्यापासनं तिला 'खा' म्हननारं कोन नव्हतं. घरात सगळी तिच्याकडंच हात पसरून. हितं सारोळ्यात आली की ती धाकटी. जीपमधनं उतरून त्या दारातनं आत जाताना तिचं पाऊल बी हलकं पडायचं. पर परत येताना मनात खुपायचं. सांगावं, आज सांगावं. तोंड काय उघडायचं न्हाई. सांगितलं तर बहीन जाईल, ही धास्ती.

रमजान ईद आली. युन-जूला दावत दिली. तिच्यासाठी अल्ताफनं जीप धुतली, अजीजुन्निसानं शीरखुर्म्याचं पातेलं चढवलं, अम्रीन लेकरं घिऊन आली, शेजारची सगुणाबाई बी सुनेसकट येऊन बसली. खोली गच्च भरली. युन-जूनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला, शीरखुर्मा दोन वाट्या खाल्ला.

आन् एकाएकी ती उठून हुबी र्‍हायली. कानाच्या पाळ्या लाल झाल्याल्या. घरी एकटीनं आरशापुढं बसून तिनं भाषन पाठ करून आनलं हुतं. आयुष्यातलं पयलं इंग्रजी भाषन. अजीजुन्निसाकडं बघून ती एकेक शबुद ठिवत म्हनली, "मदर. फौजिया इज ओन्ली ट्वेंटी फाइव्ह. व्हेरी स्मॉल. यू डोन्ट वरी अबाऊट मॅरेज. आय ॲम हर बिग सिस्टर. आय टेक केअर."

एक शबुद चुकला न्हाई. मास्तरीण म्हनून फौजियाचा ऊर भरून यायला पायजे हुता. तिच्या पायाखालची फरशी सरकली.

"काय म्हनती गं?" सगुणाबाईनं इचारलं.

फौजिया रिकाम्या वाट्या गोळा कराय लागली. दारातनं अल्ताफच शानपनानं बोलला, "म्हनती, आपा फक्त पंचवीसची हाय, लहान हाय, काळजी करू नका."

आता लगीन जमवायला पावने आले असते तर गाव गप बसलं असतं. पर ही परदेशी बाई, हिला काय कळतंय, म्हनून सगुणाबाईची जीभ सुटली. "अगं बया! आमच्या सोमनाथच्या बरुबरची की ही! एका आठवड्यात बारसं झाल्यालं. सोमनाथची लेक आठवीला, आन् ही पंचवीसची?" सगळी खोली खदाखदा हसली. अम्रीन बी हसली. अजीजुन्निसानं पदर तोंडाला लावला, ती हसत हुती का काय करत हुती देव जानं.

युन-जू बघतीया, सगळी हसत्यात. तिचा चेहरा बारका झाला. फौजियाच्या कानाला लागून तिनं इचारलं, "व्हाय लाफ? माय इंग्लिश बॅड?"

त्या खोलीत तिला एकच मानूस कळत हुतं. एकाच मानसावर तिचा इस्वास. आन् ते मानूस म्हनलं, "नो, उन्नी. दे से, युवर इंग्लिश इज व्हेरी गुड."

युन-जूचा जीव भांड्यात पडला. ती वळली, आन् सगुणाबाईला, अम्रीनला, हसनाऱ्या एकेकीला वाकून वाकून "थँक यू" म्हनली. जितकी ती वाकली तितक्या त्या जास्ती हसल्या. फौजिया पातेलं उचलून मोरीत गेली. घासलेलंच पातेलं परत घासलं तिनं.

म्होरल्या धड्याला फौजिया सारोळ्याला गेली ती ठरवूनच. बसायच्या आधीच म्हनली, "उन्नी, आय ॲम थर्टी फोर."

युन-जू हसली. टीचर आकडा चुकली म्हनून तिनंच दुरुस्त केलं, "नो नो. ट्वेंटी फाइव्ह."

मग फौजियाला धड्यात म्हनायची तसंच सावकाश परत म्हनावं लागलं, "थर्टी फोर. आय टोल्ड लाय." आन् ईदच्या दिशी सगळी कशाला हसली, ते बी सांगून टाकलं.

तिला वाटलं, आता ही वरडंल. दार दावंल. वरडली असती तर बरं झालं असतं. युन-जूच्या चेहऱ्यावरनं रंग उतरत गेला. तिच्या मनात आलं, आपन टपल्या मारल्या, पानी आनाय लावलं, रागं भरलं, ते थोरल्या बाईला, आन् ती बी आपली मास्तरीण! ती उठली, फौजियाच्या म्होरं गुडघं टेकलं, आन् कपाळ फरशीला लावून म्हनली, "सॉरी, टीचर."

"नो, उन्नी, मी सॉरी! उठ!" फौजिया तिला धरून उठवाय लागली, पर ती उठंना. चुकी हिची, आन् माफी ती मागतीया. फौजियाला भुई फाटून आत घील तर बरं, असं झालं.

शिकवनी म्होरं चालू र्‍हायली, मावशी. एक दिस बी खंड न्हाई. दारात वाकून नमस्कार. चहा दोनी हातांनी. फौजिया बसल्याबिगर बसायची न्हाई, खाल्ल्याबिगर खायची न्हाई. एकदा फौजिया मुद्दाम भिजून गेली. युन-जूनं टावेल आनला, घडी केलेला, दोनी हातांवर ठिवून म्होरं केला, आन् मान खाली घालून हुबी र्‍हायली. ते डोकं फौजियानं आपलं आपन पुसलं.

कंपनीचं काम सरलं, ती दोघं गेली. जाताना जीपपाशी युन-जू एवढी वाकली की हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी माना वळवून बघितलं. गेनबा भाजीवाल्याच्या डोळ्याला पानी आलं. फौजिया मातर कोरडी हुती. आपल्याला रडायचा हक्क न्हाई, असं तिला वाटत हुतं.

शिरवळची पावनी बी फिरकली न्हाईत. आता ती भोरात एकटीच शिकवन्या घेती. कुनी इचारू दे न इचारू दे, वय आधी सांगून टाकती, येष्टीच्या कंडक्टरला बी. गल्लीतली, शाळंतली, बाजारातली, सगळी तिला "बाई" म्हनत्यात, "म्याडम" म्हनत्यात. बसाय खुर्ची देत्यात. मान लई हाय.

ती बघा, येष्टी वळली. मावशी, तुमी भोरलाच चाललाय, आन् वयानं तिच्याहून थोरल्या हाय. माझं एवढं काम करा. नगरपालिकेच्या मागं शिंप्याचं घर कुनी बी दावंल. तिला म्याडम म्हनू नका. चांगलं अगं-तुगं करा, आन् केस नीट बांध म्हनून दोन शबुद रागवा तिला.