सील कुणी कापलं?

हे लिहायचं नाही असं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. दोनदा टाइप करायला घेतलं, दोनदा पुसलं. दुकानात वस्तू परत करायला गेलं आणि पैसे कापले, यात नवीन ते काय? तुमचेही कापले असतील. तुम्हीही घरी येऊन चार शिव्या हासडून गप्प बसला असाल. पण हे गप्प बसणं आपल्याला इतकं सहज जमतं ना, त्याचाच राग आला. म्हटलं, लिहूनच टाकू.

तर आमच्या शेठची गोष्ट. शेठ म्हणजे कुणी बडी असामी नव्हे. दोन खुर्च्यांचं सलून, त्यातल्याही एका खुर्चीची पाठ मागे जात नाही. पण माणूस कात्री अशा थाटात चालवतो आणि बोलतो अशा आवाजात, की समोरच्या फुटपाथवरचा माणूसही मान डोलावतो. म्हणून शेठ.

शेठची मोठी बहीण, ताई, शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. सुट्टीत तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती कुजबुज. डॉक्टर म्हणाले, आता एवढाच. मुख्याध्यापिका बाईंनी समजुतीनं सांगितलं, "सोमवारी शाळा उघडतेय. वर्ग सांभाळता आला तर वर्ग तुमचाच. नाहीच जमलं तर ऑफिसात बसा, कागदपत्रं बघा."

ताई "बरं" म्हणाली. पण घरी आल्यावर बराच वेळ चप्पलसुद्धा न काढता बसून राहिली. आयुष्यभर मुलांच्या गोंगाटात राहिलेली बाई! तिला कागदांत बसवणं म्हणजे काय, ते शेठला बरोबर कळलं.

त्यानं लगेच दुकान गाठलं. तेच ते, मोठ्या काचांचं, आत शिरलं की थंडगार वाटणारं. गळ्यात अडकवायचा माईक आणि कमरेला बांधायचा छोटा स्पीकर मागितला. सेल्समननं हसत हसत खोका काढला, खिशातून कटर काढलं आणि सर्रकन सील कापलं.

"आमच्याकडे पीस दाखवूनच देतात, साहेब. नंतर कटकट नको." मग माईक गळ्यात घालून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग!"

आवाज असा घुमला की फ्रिज बघणारी माणसं वळली. शेठ खूश! स्वतःही दोनदा "हॅलो" म्हणाला. पैसे भरले, खोका काखोटीला मारला.

घरी ताईनं माईक लावला. ती बोलली. काहीच नाही. स्पीकर थोडा वाढवला. तरी नाही. पूर्ण वाढवला, आणि कुईऽऽऽ! अशी शिट्टी सुटली की शेजारीण पळत आली, कुकर फुटला की काय बघायला.

ताई आधी हसली, आवाज न करता, खांदे हलवत. पुन्हा बटण कमी केलं, पुन्हा बोलली. ओठ हलले फक्त. तिनं माईक काढून हलकेच टेबलावर ठेवला आणि पुटपुटली, "चालेल रे."

चालणार नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं.

परतीच्या काउंटरवर लंबू असतो. लंबू म्हणजे शेठचा शाळेपासूनचा दोस्त. इतका उंच, की शेठ त्याचे केस कापताना त्याला खुर्चीत घसरून बसायला लावतो. शेठला वाटलं, चला, आपलाच माणूस आहे, दोन मिनिटांचं काम.

"याला शिट्टी मारायची खोड आहे," शेठ म्हणाला. "आणि तो दुसरा दे, डोक्याला लावायचा, माईक अगदी ओठांपाशी येतो तो. ताईची कुजबुज तोच पकडेल. वरचे काय ते पैसे घे."

लंबूनं खोका उलटासुलटा केला आणि तोंड पाडलं. "शेठ, सील कापलेलं आहे."

"मग?"

"उघडलेल्या खोक्याला अदलाबदल नाही. परत घेता येईल, पण वीस टक्के कापून. रिस्टॉकिंग चार्ज."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... माल परत फळीवर मांडायचा खर्च."

"फळी काय चंद्रावर आहे? आणि सील तुमच्याच माणसानं कापलं! मी मागितलंसुद्धा नव्हतं!"

"बिलाच्या मागे लिहिलंय, शेठ."

शेठनं बिल उलटं केलं. मुंगीनं पाय घासून जावं तशी अक्षरं. "अरे, मी केस कापल्यावर जमिनीवरचे झाडायचे वेगळे पैसे लावतो का?"

लंबूनं त्याला वरच्या मजल्यावर पाठवलं. वरच्या मुलीनं मान न उचलता सांगितलं, "तक्रार असेल तर सर्व्हिसकडे." सर्व्हिसवाल्यानं माईक तोंडापाशी धरला, "हॅलो!" म्हणाला आणि माईक परत दिला. "पीस ओके आहे. खराब असता तर कपात न करता बदलून दिला असता." म्हणजे वस्तू चांगली आहे, हीच शेठची चूक! पुन्हा खाली. तोवर रांग वाढलेली. सर्वांत शेवटी उभं राहायचं. पुढचे काका हेडफोन घेऊन आलेले, त्यांच्या पुढच्या बाई इस्त्री घेऊन. सगळ्यांचे चेहरे सारखे, कुणीतरी आपल्याला मूर्ख बनवलंय पण नेमकं कुणी ते सापडत नाही, असे.

पुन्हा लंबूसमोर आला तेव्हा शेठच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"लंबू, तू चोर आहेस!" तो ओरडला. आवाज तर तुम्हाला माहीतच आहे. "दोस्त म्हणवतोस आणि खिसा कापतोस! तुम्ही सगळेच चोर!"

रांग टाळ्या वाजवायच्या बेतात होती. लंबूचे कान लालबुंद झाले. शेठ खोका उचलून तरातरा निघून गेला.

सलूनमध्ये एक गिऱ्हाईक गालाला फेस लावून बसलं होतं. सगळं रामायण ऐकून ते आरशातूनच म्हणालं, "शेठ, तू अगदीच भोळा. चांगल्या पीसला कपात आहे ना? मग पीस खराब कर! दोन थेंब पाणी आत सोड. कोण बघतंय?"

शेठ थबकला. डोक्यात लख्ख उजेड पडला. उद्या दुकानात जायचं, चेहरा साधा ठेवायचा, "चालत नाही हो" म्हणायचं. नवा पीस हातात! गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं स्पीकरच्या मागचं झाकण उघडलं आणि केसांवर मारायची पाण्याची बाटली उचलली.

"मार की," दारातून आवाज आला. लंबू. दाराच्या चौकटीखालून वाकून आत येत होता. "थांबलास का? मार."

शेठ बाटली तशीच धरून उभा राहिला.

"मार. पण आधी ऐक. ओला पीस कंपनी परत घेत नाही. सर्व्हिसवाले उघडतात, पाणी दिसतं. मग विचारतात, काउंटरवर तपासून कुणी घेतला? मी. पैसे जातात माझ्या पगारातून. मागच्या महिन्यात एका पीसचे गेले."

"मला काय माहीत?" शेठचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"तुला माहीत नाही, वरच्यांना माहीत आहे. लोक शुक्रवारी कॅमेरा नेतात, घरचं लग्न उरकतात, सोमवारी आणून देतात, 'आवडला नाही' म्हणून. म्हणून हा कपातीचा नियम आला. कपात चुकवायला लोक पीस खराब करतात. म्हणून माझ्या पगाराचा नियम आला. गिऱ्हाईक मला चोर म्हणतं, दुकान मलाच जामीन ठेवतं. आता तू सांग, मी उभा राहू कुठे?"

शेठनं बाटली खाली ठेवली. लंबूही बसला नाही, आला तसाच वाकून निघून गेला.

घरी शेठनं ताईला सगळं सांगितलं, पाण्याच्या बाटलीसकट. ताईनं ऐकून घेतलं. मग त्याला जवळ बोलावलं, कारण आता तिच्याशी बोलायचं तर जवळच यावं लागतं.

"पहिली चूक तुझी," ती कुजबुजली. "घसा माझा आणि खरेदी तुझी! मला न्यायचं नाही का?"

"तुला आनंदाचा धक्का द्यायचा होता..."

"दिलास. शेजारणीलाही दिलास." ती हसली. मग एकदम गंभीर झाली. "पाणी घातलेल्या माईकच्या बदल्यात मिळालेला माईक लावून मी पोरांना 'खरं बोला' म्हणू? शोभेल मला? उद्या मला घेऊन चल. आणि तू तोंड उघडायचं नाहीस."

दुसऱ्या दिवशी दुपारी, सलूनला गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, दोघं गेली. ताईनं लंबूला नमस्कार केला आणि मॅनेजर साहेबांना बोलवायला सांगितलं. साहेब आले. टाय घट्ट, हसू सैल.

ताई बोलली.

"मॅडम, जरा मोठ्यानं बोला ना," साहेब म्हणाले.

ताईनं मान हलवली, जणू याच वाक्याची वाट बघत होती. माईक गळ्यात घातला, बटण पूर्ण फिरवलं. कुईऽऽऽ! अख्खं दुकान कानांवर हात ठेवून वळलं. साहेबही. तिनं बटण खाली आणलं आणि बोलत राहिली, आणि रांगेतली माणसं ऐकायला पुढे सरकली. एवढ्या मोठ्या दुकानात इतकी शांतता कधी नसेल झाली.

"सील कुणी कापलं?" ती कुजबुजली.

"आमच्याच स्टाफनं. टेस्टिंगसाठी. ती आमची पद्धत आहे, मॅडम, तुमच्याच फायद्याची."

"टेस्टिंग कुणाच्या आवाजात केलंत?"

साहेबांनी टायची गाठ चाचपली.

"माझ्या भावाचा आवाज तुम्ही काल ऐकला असेल. रस्त्यापलीकडेही गेला असेल." कुणीतरी खुदकन हसलं. "माईक त्याच्यासाठी उत्तमच आहे. खोका तुम्ही उघडलात, तपासलात दुसऱ्याच्या घशावर, आणि उघडल्याची शिक्षा मला. हा कुठला न्याय?"

"मॅडम, पॉलिसी हेड ऑफिसची..."

"मी पॉलिसी मोडा म्हणत नाही. लोक वापरून परत आणतात, तुम्हाला नुकसान होतं, पटतं मला. पण सगळ्यांनाच चोर धरू नका. कटर लावायच्या आधी एकच वाक्य बोला. 'सील कापलं की परत घेताना पैसे कापले जातील, कापू का?' एवढंच. मग गिऱ्हाईक विचार करील. ज्याच्यासाठी वस्तू आहे त्याला घेऊन येईल. तुम्ही ते वाक्य गिळता, आणि बारीक अक्षरांत मागे छापता. का? मोठ्यानं बोलायला तुम्हाला तर घसा आहे!"

तेवढ्यात कालचेच हेडफोनवाले काका, आजही रांगेत आलेले, म्हणाले, "माझंही सील यांनीच कापलं!" कालच्या इस्त्रीवाल्या बाईही होत्याच, त्या म्हणाल्या, "माझंसुद्धा! मी नको म्हणत होते!" आणि बघता बघता सगळी रांग बोलायला लागली. शेठला कंठ फुटायचाच होता, पण त्यानं ओठ दाताखाली धरले.

साहेबांनी लंबूकडे बघितलं. "काय करता येतं?"

लंबूनं श्वास घेतला. कालपासून गिळलेलं सगळं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "सर, सील दुकानानं कापलंय. 'दुकानाकडून उघडलेला' अशी नोंद करून मी घेऊ शकतो. पूर्ण पैशांत. तशी सोय आहे. आम्हाला वापरू नका म्हणून सांगितलंय, एवढंच."

वापरू नका म्हणून सांगितलंय! साहेबांचं सैल हसू पार गळालं. रांगेकडे बघून ते हळूच म्हणाले, "घे."

ताईनं डोक्याचा माईक तिथंच लावून बघितला. सील कापायच्या आधी सेल्समननं विचारलं, "कापू का?" ती "काप" म्हणाली. मग माईक लावून तोच शब्द पुन्हा म्हणाली, आणि तो "काप" दुकानाच्या दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू आला. शेठ तोंड फिरवून उगाच टीव्हीच्या किमती वाचत उभा राहिला. डोळे पुसायचे होते त्याला.

सोमवारी ताई वर्गावर गेली. पहिलीच्या पोरांना वाटलं, बाई रेडिओत गेल्या. पण पाढे म्हटले सगळ्यांनी.

मित्रांनो, चूक दुकानाची होतीच. पण शेठचीही होती. बिलामागे काय लिहिलंय, काय कापू देतोय, हे आपण विचारत नाही. मग फसलो की खोटेपणानं फेड करायला बघतो, आणि त्या खोटेपणाचा दंड आपल्यासारख्याच एखाद्या पगारदाराच्या गळ्यात पडतो. आपण काउंटरवरच्या माणसावर ओरडतो, नियम करणारा वर आरामात बसतो. घ्यायच्या आधी विचारा. खोटं बोलू नका. आणि हक्काचं असेल तर सोडू नका, पण भांडा ते ज्यानं नियम केला त्याच्याशी!

शेठला हे कळलं, पण एवढ्यावर सुटका नव्हती. त्याच आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी लंबू सलूनमध्ये आला. खुर्चीत घसरून बसला, पण केस कापायचं नाव काढेना.

"उद्या हेड ऑफिसचे मोठे साहेब येतायत," तो म्हणाला. "त्या दिवशी रांगेतले अकरा पीस मी पूर्ण पैशांत घेतले. आमच्या साहेबांनी हात झटकले. म्हणे, याचं यानंच ठरवलं. आता नोकरीवर आलंय."

शेठची कात्री थांबली. "त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला चोर म्हणालो मी."

"म्हणालास."

"चुकलं माझं."

"ते राहू दे. उद्या मी एकटाच असणार तिथं." लंबूनं आरशातून त्याच्याकडे बघितलं. "तू येशील? साहेब 'घे' म्हणाले होते, एवढंच सांगायचं. पण रविवार आहे. तुझी नेहमीची गिऱ्हाइकं रविवारची."

शेठनं बाकावर वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकांकडे एकदा बघितलं. मग लंबूच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या त्या रस्त्यापलीकडे जाणाऱ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उद्या सलून बंद. हेडफोनवाल्या काकांना घेतो, इस्त्रीवाल्या बाईंना शोधतो, ताईला सांगतो. तू काउंटरच्या आत उभा राहा. तुझ्या नोकरीचा निकाल लागेपर्यंत मी बाहेर उभा आहे. शब्द देतो, लंबू. एकटा नाही ठेवणार तुला."