लग्नघरातलं सुतक

मीराच्या लग्नाला बारा दिवस उरले होते. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते आणि काशीराम त्यांतले वाकडे बाजूला काढत बसला होता. मागच्या पडवीत त्याची बायको कमळी शेजारणींना घेऊन पापड लाटत होती. सून रोशनी उंबऱ्याशी बसून रुखवताचं मण्यांचं तोरण ओवत होती. कामणच्या अलीकडे, खाडीच्या काठाने वसलेल्या त्या गावात १९९८ सालच्या त्या एप्रिलात आणखी दोन-तीन घरांत हेच चाललं होतं.

घरात एकच माणूस कमी होता. काशीरामचा एकुलता एक मुलगा हरेश अडीच वर्षांपूर्वी आखातात गेला होता. खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरलं आणि भात पिकेनासं झालं. मिठागरात काम मिळे ते वर्षाचे चार-पाच महिने. तेव्हा माणिकपूरच्या एका एजंटामार्फत त्याने तिकडच्या तेल कंपनीत मजुरी धरली. गावातले लोक 'हरेश कंपनीत आहे' एवढंच म्हणत. तो नेमकं काय करतो हे कुणी विचारत नसे. काशीरामला मात्र ठाऊक होतं. तेलाच्या प्रचंड टाक्या रिकाम्या झाल्या की हरेश आत उतरून तळाचा काळा गाळ फावड्याने ओढायचा. 'आपल्या मिठागरासारखंच हाय, बाबा, फक्त वर आभाळ नाय,' असं त्याने एका पत्रात लिहिलं होतं.

लग्न झाल्यावर पाच महिन्यांनी तो गेला. रोशनीचा संसार तेवढाच. पुढचा सगळा तिने पत्रांवर काढला. बहिणीच्या लग्नाला सुट्टी मिळत नाही असं त्याने कळवलं, तेव्हा दोन दिवस तिने तोरणाला हात लावला नाही. मग पुन्हा कामाला लागली.

दुपारच्या एसटीने नंदाखाल गावची कार्मिन आली. तिचा नवरा प्लासिड हरेशच्याच कंपनीत होता, दोघे एका खोलीत राहत. प्लासिड सुट्टीवर आला की हरेशने दिलेलं सामान पोचवायला ती यायची, हसत यायची आणि चहा घेतल्याशिवाय जायची नाही. आज तिच्या हातात काही नव्हतं. ती अंगणात शिरलीच नाही. तिने काशीरामला हाताने खुणावून रस्त्याकडेच्या चिंचेखाली बोलावलं.

प्लासिडने सकाळी फोन केला होता. टाकीत गॅस साचला होता. दोघे मजूर आत कोसळले. एकाला वाचवता आलं. प्लासिडनेच दोरी बांधून दोघांना वर काढलं होतं.

"काका, हरेश गेला," कार्मिन म्हणाली. "परवा."

काशीरामने चिंचेच्या खोडाला हात लावला. त्याच्या तोंडून शब्द फुटला तो असा:

"आनखी कोनाला सांगितलंस?"

मुलगा गेल्याचं कळल्यावर बापाच्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं. पुढे आयुष्यभर त्याला या वाक्याची लाज वाटली. पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे मेलेला मुलगा नव्हता, तर गावातलीच एक मुलगी होती. तीन वर्षांपूर्वी तिचा साखरपुडा झाला आणि महिन्याभरात भाऊ वारला. लग्न पुढे ढकललं, मग वराकडच्यांनी निरोप पाठवला की पोर पांढऱ्या पायाची आहे. ती अजून घरातच होती. मीराला चोवीस पूर्ण झाली होती. दोन स्थळं आधीच हातची गेली होती. घरात सुतक आणि सुतकाबरोबर ताजी विधवा. व्याही काय म्हणतील हे काशीरामला विचारायची गरज नव्हती.

त्याने कार्मिनपुढे हात जोडले. लग्न पार पडेपर्यंत कुणाला कळू देऊ नकोस, म्हणाला.

"रोशनीला तरी सांगा, काका. ती त्याची बायको आहे."

"तिला सांगितलं तर तिचं रडनं कसं लपवू?"

कार्मिनने पदराने डोळे पुसले. मला हे बरोबर वाटत नाही, एवढं ती म्हणाली आणि परतीच्या एसटीने गेली. काशीराम अंगणात आला. कार्मिन आत का आली नाही, असं रोशनीने विचारलं. घाई होती तिला, असं सांगून तो पुन्हा बांबूंपाशी बसला. सरळ बांबूही वाकड्यांत टाकत राहिला.

त्या दिवसापासून काशीराम भरल्या घरात एकटा पडला. कमळीलाही त्याने सांगितलं नाही. दुपारी जेवण झालं की बांध बघून येतो म्हणून तो खाडीकडे जायचा, कुणी नाही असं पाहून बांधाआड बसायचा आणि तोंडात गमछा कोंबून रडायचा. मग खाडीच्या खाऱ्या पाण्याने तोंड धुऊन घरी यायचा. घरी कुणी ना कुणी पाहुणा बसलेला असायचा, आणि हरेशची चौकशी करायचा. बरा हाय, असं काशीराम म्हणायचा.

चौथ्या दिवशी माणिकपूरच्या एजंटाने काशीरामला बोलावून घेतलं. एजंट बोलायला नरम होता. त्याने समजावून सांगितलं की पोलीस, दवाखाना, वकिलात सगळीकडचे कागद झाल्याशिवाय बॉडी सुटत नाही, आणि त्यासाठी बायकोची सही लागेल. बापाची चालणार नाही. उशीर झाला तर तिकडेच पुरून टाकतील, म्हणाला.

काशीराम कागद घेऊन आला. कागद इंग्रजीत होता. रोशनी सातवीपर्यंत शिकलेली. तिने तो उलटसुलट करून पाहिला. हरेशचं नाव तेवढं तिला लागलं.

"कसला कागद हाय, बाबा?"

"त्याच्या येन्याचा," काशीराम म्हणाला.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. रोशनीचा चेहरा असा फुलला की काशीरामने मान वळवली. लग्नाला पोचतील का, असं तिने विचारलं. लग्नाला नाय, त्याच्या मागून, तो म्हणाला. तिने पाटावर कागद नीट पसरला, पदराने हात कोरडा केला आणि शाळेत गिरवावं तसं एकेक अक्षर काढून सही केली. काशीरामने बजावलं की अजून नक्की नाही, तेव्हा कुणाला बोलू नकोस. तिने हसून मान डोलावली. त्या संध्याकाळी ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती, आणि कमळी कौतुकाने म्हणाली की पोरीला लग्नाचं वारं लागलंय.

हळदीच्या दिवशी पाच सवाष्णी बसल्या. पहिला मान भावजयीचा. रोशनीने हिरवं लुगडं नेसलं होतं, हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरले होते. तिने मीराच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला हळद लावली आणि उरलेली हसत तिच्या गालाला फासली. काशीराम मांडवाच्या खांबाला टेकून बघत होता. हळद सांडेल, दिवा विझेल, मीरा भोवळ येऊन पडेल; काहीतरी होईलच, असं त्याला वाटत होतं. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मुलाला अजून अग्नी मिळाला नव्हता; सुतकातल्या त्या हातांनी त्याने कन्यादान केलं. ओटी भरताना रोशनीने मीराच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. वऱ्हाड जेवून तृप्त झालं. व्याह्यांनी काशीरामला मिठी मारली. मांडवपरतणीला आलेली मीरा सुखात दिसत होती.

ती नवऱ्याबरोबर परत गेली त्याच दुपारी एजंटाचा माणूस आला. परवा सकाळी विमान येणार होतं.

काशीरामने कमळीला आणि रोशनीला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. कसं सांगितलं ते त्याला नंतर आठवलं नाही. कमळी जमिनीवर कोसळली आणि तिने डोकं आपटायला सुरुवात केली. रोशनी उभीच होती.

"कवा?" तिने विचारलं.

त्याने तारीख सांगितली.

"म्हंजे हळदीच्या आदी."

काशीरामने मान हलवली.

"आनि मी सही केली ती?"

रोशनी भिंतीला धरून खाली बसली. ती ओरडली नाही. तिने कमळीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि ते आपटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवलं. काशीरामकडे तिने पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सहार विमानतळावरून टेम्पोतून पेटी आली. बरोबर प्लासिड होता. पेटी उघडू नका, असं तो म्हणाला आणि कमळीचे पाय धरून रडला. खाडीकाठच्या स्मशानात काशीरामने अग्नी दिला. लग्नाचा मांडव अजून उतरवलेला नव्हता.

पुरुष स्मशानातून आले तेव्हा काशीरामची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणत, चार बायकांना घेऊन रोशनीपाशी गेली होती. मागच्या दारी पाट मांडला होता. आक्काच्या हातात दगड होता. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं आणि पुढचं वर्षभर कोपऱ्यात बसवायचं. ज्या हातांनी तिने हे डझनभर बायकांना केलं होतं त्याच हातांनी तिने रोशनीचं मनगट धरलं.

रोशनीने मनगट सोडवून घेतलं.

"आत्या, थांबा. मला एक इचारायचंय." ती हळू बोलत होती, पण मांडवातल्या पुरुषांनाही ऐकू गेलं. "मीराला हळद लावली तवा हे गेलेले होते. बाबांना ठावं होतं. मी रांड झाल्याव तेरा दिसांनी सवाशीन म्हनून पाटावर बसले. पयली हळद माजी, ओटी माजी. मीराचं काय वाकडं झालं? परवा येऊन गेली, तुमी बघितलीत. मंग तवा जो हात चालला तो आज का नाय चालत?"

आक्का म्हणाली, ते अजाणता झालं, देव अजाणत्याला माफ करतो. आता कळलं आहे.

"मला ठावं नव्हतं. देवाला तर ठावं होतं ना?" रोशनी म्हणाली. "नवरा माजा गेला. रडायचं ते मी रडेन. पन माज्या हाताला कोनी दगड लावायचा नाय."

आक्काने काशीरामकडे पाहिलं. घरातला कर्ता तो. सगळेच त्याच्याकडे पाहू लागले. ओल्या कपड्यांनिशी तो पुढे आला आणि बहिणीच्या हातातला दगड काढून घेतला.

"सुतकात कन्यादान मी केलं," तो म्हणाला. "फसवलं मी. तिच्याकडनं सही घेतली ती पन फसवून. कोनाला काय शिक्षा करायची असंल तर मला करा. ती म्हनते ते खरं हाय."

आक्का त्या दिवशी जी गेली ती पुन्हा भावाच्या घरी आली नाही. हरेशच्या मरणाची आणि ते लपवल्याची बातमी व्याह्यांकडे पोचली. त्यांनी मीराला टाकलं नाही, पण वर्षभर माहेरी पाठवलं नाही. ती पहिल्यांदा आली तेव्हा वडिलांना म्हणाली, "तुम्ही माझं लग्न राखलंत, बाबा. पण त्या लग्नाचे फोटो मला बघवत नाहीत. सगळ्यांत दादा मेलेला आहे."

रोशनी माहेरी गेली नाही. माणिकपूरला एका शिवणकामाच्या दुकानात ती जाऊ लागली. कपाळावर बारीक कुंकू, हातात दोन-दोन बांगड्या. गावच्या हळदीकुंकवाची बोलावणी या घराला बंद झाली. काही घरांतून लग्नाचं काशीरामला एकट्याला आमंत्रण आलं, ते त्याने परत केलं. घरात ती सासऱ्याला वेळेवर वाढायची, औषध द्यायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. भर सभेत तो तिच्या बाजूने उभा राहिला होता, हे ती विसरली नव्हती. पाटावर पसरलेला तो कागदही ती विसरली नव्हती. काशीरामने माफी मागितली नाही. कोणत्या तोंडाने मागायची, हे त्याला कळत नव्हतं.

त्याला जे कळलं ते त्याने केलं. पुढच्या वर्षी गावातला एक तरुण भिवंडी रस्त्यावरच्या गोदामात पोत्यांची थप्पी कोसळून गेला. मागे बायको होती. काशीराम जाऊन त्या घराच्या पायरीवर बसला आणि आत निघालेल्या बायकांना म्हणाला, आधी माझं ऐका. मग त्याने स्वतःची गोष्ट सांगितली, मुलगा गेल्याचं कळल्यावर आपण पहिलं काय विचारलं तेही सांगितलं. बायका ऐकून घेऊन आत गेल्या आणि त्यांनी बांगड्या फोडल्या. दुसऱ्या वेळी, शेजारच्या गावात, लोकांनी त्याला हाताला धरून उठवलं. मयताच्या दारात तमाशा करतो, म्हणाले.

तिसऱ्या वेळी, नवरा गेलेल्या एका बाईच्या घरी निघताना, तो चपला घालत होता तेव्हा रोशनी आतून आली. तिनेही चपला घातल्या. तो पुढे आणि ती दहा पावलं मागे, असे ते त्या घरापर्यंत गेले. काशीराम पायरीवर बसला आणि त्याने बोलायला सुरुवात केली. रोशनी त्याच्या बाजूने, जिथे पुरुषाला जाता येत नाही त्या माजघरात शिरली, कोपऱ्यात बसवलेल्या त्या बाईजवळ गेली आणि तिच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवून बसली.

ऊन कलेपर्यंत ती बाहेर आली नाही. आत बोलणी झाली, आवाज चढले, कुणी रडलं. बाहेर बसलेल्या काशीरामला शब्द कळत नव्हते.

शेवटी ती आली. परतीच्या वाटेवरही ती मागेच चालत होती. खाडीचा बांध लागला तेव्हा काशीरामला तिचा आवाज आला.

"उद्या परत यायला लागंल, बाबा. तिची सासू अजून ऐकत नाय."

"येऊ," काशीराम म्हणाला.