कोणाला भेटायचंय?

आनंदा पाटोळे, म्हणजे सगळ्यांचे तात्या, एकतीस वर्षं बोईसरच्या एका कारखान्याच्या गेटवर उभे होते. येणाऱ्याची नोंद घ्यायची, जाणाऱ्याची पिशवी तपासायची आणि दोघांवरही विश्वास ठेवायचा नाही, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर खाकी कपडे उतरले, नजर मात्र उतरली नाही. त्यामुळे स्वतःचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी काय आणलं, तर रजिस्टर. पट्टीनं रकाने आखले: नाव, कोणाला भेटायचंय, कारण, आत, बाहेर.

फ्लॅट विकायचा तो बायकोच्या, राहीबाईंच्या दम्यापायी. थंडी सुरू व्हायच्या आत ही हवा सोडा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. थंडीत कारखान्यांकडचा वास खाली बसतो आणि राहीबाईंची छाती पेटीसारखी वाजायला लागते. कारखान्यांपासून लांब, मासवण गावाच्या पुढे एक बैठं घर तात्यांनी बघून ठेवलं होतं. फ्लॅट गेला की ते घ्यायचं. पण दिवाळी तोंडावर आली तरी फ्लॅट काही जाईना.

खालच्या गाळ्यातला ज्ञानेश एजंट दोन टक्के मागत होता. 'मी गिऱ्हाईक आणतो, तुम्ही फक्त सही करा,' म्हणाला. फक्त सही करा म्हणणाऱ्या माणसाला तात्यांनी जन्मात कधी गेटातून आत सोडलं नव्हतं. त्यांनी जिन्यात पाटी लावली: 'फ्लॅट विकणे आहे. मालकाशी थेट बोलावे. एजंटने तसदी घेऊ नये.'

मग घर सजवायचं काम निघालं, तेही स्वस्तात. दारातून दिसतात तेवढ्याच भिंतींना स्वतः रंग मारला. खिडकीचे गज गंजले होते, त्यांना उरलेला काळा रंग फासला. गळक्या नळाला एमसील लावलं. राहीबाईंचा दम्याचा पंप, गोळ्या, वाफेचं मशीन, सगळं एका खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. गिऱ्हाईक यायच्या आधी पाच मिनिटं मोगऱ्याच्या तीन उदबत्त्या लावायच्या आणि राहीबाईंना मागच्या बिल्डिंगजवळच्या देवळात पाठवायचं.

"मला बी माळ्यावरच टाका की खोक्यात," राहीबाई म्हणाल्या होत्या.

"तू खोकलीस की गिऱ्हाईक गेलं," तात्या म्हणाले. "थोडे दिवस कळ काढ."

बोलताना त्यांना लाज वाटली होती, पण त्यांनी ती दाखवली नाही.

गिऱ्हाइकं आली तशी गेली. दोघं रजिस्टर बघूनच जिना उतरले. तिसऱ्याच्या पायातल्या चपला हुबेहूब ज्ञानेशसारख्या निघाल्या, म्हणून तात्यांनीच त्याला वाटेला लावलं. आणि मग जवळच्या पाम गावाहून प्रदीप आणि दीपिका आले.

हे जोडपं पहिल्यापासून खटकलं. एक तर आले सकाळी सातला. त्या वेळी कोण घर बघायला येतं? प्रदीप एका वर्कशॉपात वेल्डर होता. त्यानं भिंती बघितल्या, नळ सोडून बघितला, ते रीतीला धरून होतं. पण त्याची बायको सरळ पश्चिमेच्या खिडकीशी गेली आणि तिथं गप्प उभी राहिली. किचन बघितलं नाही, ओटा बघितला नाही. बाईमाणूस ओटा बघत नाही म्हणजे काय? जाताना तात्यांनी सवयीनं प्रदीपची पिशवी उघडायला लावली. आत नुसता डबा. दीपिकाच्या पर्सला त्यांनी हात लावला नाही. बायकांच्या पर्सा तपासायच्या नाहीत, हा गेटचा नियम.

दुसऱ्या खेपेला दोघं भर दुपारी अडीचला आले. पुन्हा ती खिडकी, पुन्हा तेच गप्प राहणं. या वेळी दीपिकानं एवढंच विचारलं, "काकू नाय घरात?"

"देवळात गेली."

"त्या दिवशी सकाळी बी देवळातच होत्या."

तात्यांच्या डोक्यात किडा शिरला. ही ज्ञानेशचीच माणसं. घरात खोट काढायची, भाव पाडायचा आणि शेवटी त्याच्याच घशात घालायचं. नाहीतर राहीबाईंबद्दल शेजारी कुणीतरी बोललं असणार. रात्रभर त्यांनी कोण बोललं असेल त्याचीच उजळणी केली.

तिसऱ्या खेपेला संध्याकाळी सहाला दीपिका एकटीच आधी वर आली, प्रदीप गाडी लावत होता. तिनं रजिस्टरात नाव लिहिलं आणि 'कोणाला भेटायचंय' या रकान्यात लिहिलं: 'काकूंना'. कारणाचा रकाना कोरा सोडला.

"काकूंचं काय काम?" तात्यांचा आवाज गेटवरचा झाला.

"त्यांना भेटल्याबिगर आमी टोकन देणार नाय," ती शांतपणे म्हणाली. "तुमी दरवेळी त्यांना बाहेर काढता. घर दोघांचं असंल ना?"

म्हणजे बाईनं उलटा संशय तात्यांवरच घेतला होता. एकतीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. ते काही बोलायच्या आत दारात चप्पल वाजली. देवळात गार वारा सुटला म्हणून राहीबाई लवकर परतल्या होत्या. मागोमाग प्रदीपही आला.

घरात मोगऱ्याचा धूर कोंडला होता. राहीबाईंनी "या, बसा" म्हटलं आणि त्यांना ठसका लागला. तो थांबेना. त्या भिंतीला धरून खाली बसल्या, ओठ पांढरे पडले. तात्या माळ्याकडे धावले, स्टूल लावलं, खोकं ओढलं, तर वर रंगाचे डबे रचलेले. सगळं स्वतःच रचून ठेवलं होतं.

"तात्या, राहू द्या," मागून आवाज आला.

दीपिकानं पर्समधून निळा पंप काढून राहीबाईंच्या तोंडाला लावला होता. "ओढा, काकू. आता थांबा. आता परत."

राहीबाईंचा श्वास हळूहळू जागेवर आला. तात्या स्टुलावरच उभे होते.

"माज्या पोराचा हाय," दीपिका म्हणाली. "पोरगा चार वर्षांचा हाय."

प्रदीपनं मान खाली घातली. "पामला लय वास येतो. म्हणून तीन टायमाला येऊन बघितलं, इथं किती येतो. पन तुमच्या उदबत्तीनं कायच कळंना."

"मग म्हटलं काकूंनाच इचारू," दीपिका म्हणाली. "दिवसभर घरात त्याच असतात."

राहीबाईंनी तात्यांकडे बघितलं. खोटं बोलायला त्या तयार होत्या, नवऱ्याच्या नुसत्या खुणेची वाट होती. मासवणचं घर एका शब्दावर आलं होतं. तात्या स्टुलावरून उतरले, उदबत्त्या चिमटीनं विझवल्या आणि पश्चिमेची, कारखान्यांकडची खिडकी सताड उघडली.

"येतो," राहीबाई म्हणाल्या. "थंडीत जास्ती येतो. म्हणून तर चाललोय आमी."

दीपिका खिडकीशी गेली. बराच वेळ श्वास आत घेत उभी राहिली. मग वळून नवऱ्याला म्हणाली, "आपल्याकडच्यापेक्षा निम्मा हाय."

"याच्या पलीकडं आपली ऐपत नाय," तो म्हणाला.

"मग निम्मा चालंल. घेऊ."

फ्लॅट विकला गेला होता. तात्यांना आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. दारात दीपिकानं आपणहून पर्स उघडून पुढे धरली, तेव्हा तर त्यांना मान वर करवेना. पंप तिनं राहीबाईंपाशीच ठेवला होता. घरी दुसरा आहे, म्हणाली.

दोघं खाली गेल्यावर तात्यांना काहीतरी आठवलं. ते अनवाणीच जिना उतरले. प्रदीपनं गाडी चालू केली होती.

"ऐका," तात्या धापा टाकत म्हणाले. "पोराला आतल्या खोलीत झोपवा. थंडीत ती खिडकी उघडू नका. फटीत ओलं फडकं कोंबायचं."

"म्हाईत हाय, तात्या," दीपिका म्हणाली. "आमी तिकडं बी तसंच करतो."