जिन्यावरची पलटण

माझी आत्या लष्करात नर्स होती. निवृत्त झाल्यावर ती माजी सैनिक संघटनेत गेली. गॅरेजमागची एक खोली, आठ खुर्च्या आणि पत्त्यांचा डाव.

"तुम्ही इथे करता काय?" तिने विचारलं.

"भेटतो," अध्यक्ष म्हणाले. ते तोफखान्यातले, ऐकायला कमी यायचं, म्हणून सगळे त्यांना 'तोफ' म्हणत.

"आणि?"

"चहा घेतो."

आत्याने पत्ते गोळा केले. "आपल्या संघटनेतला तो फौजी ड्रायव्हर वारला, तेव्हा त्याच्या बायकोला तुम्हीच म्हणालात ना, वहिनी, काही लागलं तर सांगा? आता लागलंय. तिचे गुडघे गेलेत, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आठ महिने तिने रस्ता पाहिलेला नाही."

दुसऱ्याच दिवशी चौघं खुर्ची घेऊन गेले, वहिनींना तीत बसवून उचललं आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकले. वहिनी किंचाळल्या, तोफेची कंबर धरली. त्यांना तशाच परत वर नेऊन ठेवलं. चौघं मान खाली घालून आले.

आत्याने खुर्चीला बांधायला पट्टे आणले, स्वतः खुर्चीत बसली आणि गॅरेजच्या जिन्यावर आठवडाभर सराव करून घेतला. बिनतारी विभागातल्या काकांना कृत्रिम पाय होता, उचलणं जमेना. ते खाली उभे राहून खणखणीत आवाजात पायऱ्या मोजू लागले.

पुढच्या गुरुवारी वहिनी खाली आल्या. तासभर फुटपाथवर बसून म्हणाल्या, "रस्ता रुंद केला की काय?"

मग दर गुरुवार ठरला. शिंप्याचे वडील, एक म्हाताऱ्या शिक्षिका, ज्यांचं कुणी फौजेत नव्हतं अशांचेही निरोप येऊ लागले. एकजण कुरकुरला, "संघटना सैनिकांची आहे."

"मग आपण सैनिक कुणाचे होतो?" तोफ कडाडली. विषय संपला.

याला एकोणीस वर्षं झाली. यंदा एका गुरुवारी, भर दुपारी, ते ज्या इमारतीत गेले होते तिथेच आग लागली. धूर वर चढत असताना या साठी-सत्तरीच्या मंडळींनी चालता न येणारी सहा माणसं खाली आणली. बंब पोचला तेव्हा सहावी खुर्ची टेकत होती.

चार दिवसांनी अग्निशमन दलाचे प्रमुख त्या खोलीत आले. टोपी काढून म्हणाले, "आमच्या नव्या भरतीला शिकवाल का?"

काल पहिला वर्ग झाला. सोळा जवान जिन्यात उभे होते. त्यातला एक उंचापुरा आत्याला म्हणाला, "आजी, तुम्ही बसा, आम्ही उचलतो."

"मी नाही, तू बस. आधी कळू दे, बसणाऱ्याला खालचा जिना कसा दिसतो ते."

तिसऱ्या पायरीलाच त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. मी खाली बघ्यांच्या गर्दीत होते. शेजारच्या अनोळखी बाईंना मी, कुणी विचारलं नसताना, सांगून टाकलं, "ती माझी आत्या."