फील्डवर्कचा बूट

मी बूट बोलतोय, डाव्या पायाचा. उजवा भिडस्त आहे, तो काही बोलायचा नाही.

शहापूरच्या बाजारात रश्मीनं आम्हाला घेतलं, तेव्हा केवढ्या तोऱ्यात म्हणाली, "मजबूत द्या हो, पीएचडीसाठी पाडे पालथे घालायचेत." भातकापणी उरकल्यावर कामासाठी गाव सोडणाऱ्या बायकांच्या मुलाखती तिला घ्यायच्या होत्या. मी हुरळलो. वेडाच मी!

पाडे राहिले बाजूला. तिनं खोलीत बसून एआयकडून प्रश्न काढून घेतले, मग उत्तरंही त्यालाच द्यायला लावली. त्यानं भराभर बायका पाडल्या, जिलब्या पाडाव्यात तशा. त्यातली धसईकडची बाईजा तर पानोपानी रडते. प्रबंध तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेला. सरांनी तो एआयलाच वाचायला दिला आणि शेरा आला, 'क्षेत्रकार्य अत्यंत जिवंत!' डोंबलाचं जिवंत! बूट खोक्यात पडून होते.

एकदा मात्र आम्हाला बाहेर काढलं. परसात नेऊन चिखल फासला, प्रबंधासाठी फोटो काढला आणि धुऊन परत खोक्यात टाकलं. लाज कशी नाही वाटत या शिकलेल्यांना?

मग बाहेरच्या परीक्षक बाईंचा निरोप आला, तोंडी परीक्षेआधी बाईजाला भेटायचंय. रश्मीची पाचावर धारण बसली. लबाडी उघडी पडली तर पदवी गेलीच. दुसऱ्याच दिवशी ती आम्हाला घालून धसईच्या पुढच्या पाड्यावर निघाली, बाईजा शोधायला! मी करकरीत नवा, तिची टाच सोलून काढली. बरं झालं.

एका पडवीत एक बाई तांदूळ निवडत बसली होती.

"मावशी, एक दिवस बाईजा व्हाल? मी सांगते तेवढंच बोलायचं."

"बाईजा? त्या नावाची इथं कोनी नाय गो."

"नसू दे. नवरा दारू पितो म्हणून वीटभट्टीवर जाते, एवढं सांगा. आणि जरा रडा."

बाई हसायलाच लागली. "रडू कशाला? माझा नवरा दारूला शिवत नाय. आमी दोघंबी जातो भट्टीवर, लेकीला नर्स करायचंय." तिनं पाट सरकवला. "बस. खोटं कशाला गो? मी हाय ना, मला इचार."

रश्मीनं मला पायरीशी काढलं नि बसली. काय विचारावं तेच सुचेना. प्रश्नही एआयचेच होते ना!

अजून तशीच बसलीय. बाई सूप बाजूला ठेवून वाट बघतेय. अगं रश्मी, पदवी गेली खड्ड्यात, विचार की काहीतरी! निदान तिचं नाव तरी विचार.