स्वयंपाकघरातून आलेला घरधनी

केरळातल्या कोडुंगल्लूरच्या आमच्या नव्या घरात गृहप्रवेशाचं दूध चुलीवर चढलं होतं आणि घरधनी शारजात, खोलीतल्या खाटेशेजारी, मित्राचा तो डबड्यासारखा व्हीआरचा चष्मा लावून उभे होते. प्रजीशेट्टनना, माझ्या नवऱ्याला, सुट्टी मिळाली नाही, म्हणून मीच हा खटाटोप मांडला होता. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप केली की रिकामं जग तयार होतं. त्यात मी घराचे चहूबाजूंचे फोटो बसवले, म्हणजे चष्मा लावला की घरातच उभं राहिल्यासारखं वाटतं. दुसरी आज्ञा दिली की त्याची वेबसाइट होते, कुणालाही उघडता येते. त्या ‘कुणालाही’नं माझी झोप उडवली होती. म्हणून फोटो काढले ते आमची तान्ही लेक तुंबी झोपलेली असताना. तिच्या झबल्याचं टोकसुद्धा कुठे दिसू दिलं नाही.

“एट्टा, उघडलं का?” मी फोनवर नवऱ्याला विचारलं.

“उघडलं. पण हे तर थेट स्वयंपाकघर. आल्या आल्या कामाला लावलंस होय?”

मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

“हा आत आला कुठून?”

“अम्मा, ते तसंच सुरू होतं...”

“ना उंबरा, ना उजवा पाय. असा चोर येतो, मोळे, घरधनी नाही.” ‘मोळे’ म्हणजे लेकी; रागातही त्यांचं हे सुटत नाही.

चूक माझीच. तुंबीला कडेवर घेऊन तपासताना दर वेळी दारापासून यायचा कंटाळा, म्हणून सुरुवात स्वयंपाकघरात ठेवली होती. ती बदलायची राहूनच गेली.

“बाहेर काढ त्याला,” अम्मांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “मुहूर्त टळायच्या आत. तोवर मी दूध थोपवते.”

चुलीजवळ तुंबीला खाली सोडायची माझी हिंमत नव्हती. एका हातानं एक ओळ बदलली, आज्ञा लिहिली. तुंबीनं कळफलकावर थाप मारली. अशी आज्ञा नाही, असं उत्तर आलं. मग तिची इवलीशी मूठ ओठांत धरून मी पुन्हा लिहिलं. दूध फुगत होतं, अम्मा पाण्याचे हबके मारत होत्या.

“झालं का?”

“होतंय, अम्मा.”

“तुझ्या सासऱ्यांसारखंच आहे हे यंत्र. हो म्हणतं, पण जागचं हलत नाही.”

शेवटी काम झाल्याची ओळ उमटली. “एट्टा, परत उघडा.”

तिकडे चष्म्याची खुडबुड झाली. मग, “अंगणात आहे. दार दिसतंय.”

“दाराकडे एकटक बघा, आपोआप आत याल.”

“उजवा पाय रे,” अम्मा फोनवर वाकून म्हणाल्या.

तिकडे बादली कलंडल्याचा आवाज आला, पाठोपाठ खोलीतल्या कुणाची तरी शिवी.

“आलो, अम्मा,” एट्टन म्हणाले.

अम्मांनी लाकूड पुढे सारलं. दूध वर आलं आणि काठावरून शांतपणे उतू गेलं.

तुंबीनं फोनकडे पाहिलंच नाही. माझ्या कडेवरून मान वळवून ती दाराकडे बघत राहिली. मीही बघितलं.