कुणीही न लिहिलेलं वाक्य

'ज्याने काहीच बदलत नाही, ते खरं असून कुणाच्या उपयोगाचं?'

विभागात एक खुर्ची डुगडुगते. तिच्यावर कुणी बसत नाही.

आई फोनवर: आता एकदाची डॉक्टर हो, म्हणजे नातेवाईक तुला गोळ्या विचारायला लागतील.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण. त्या वाक्याची तळटीप कोरी.

ते वाक्य तिच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा कणा होतं. फलप्रामाण्यवाद, म्हणजे विचार खरा की खोटा हे तो वापरात काय करतो त्यावरून ठरवणं, आधुनिक तत्त्वज्ञानात कसा मुरला, हा तिचा विषय. तिचं म्हणणं असं, की या पंथाच्या संस्थापकाचं हे एक वाक्य पसरलं आणि 'खरं काय?' विचारणारे 'त्याने फरक काय पडतो?' विचारू लागले. पदवी मिळाली की विभागातली शिकवण्याची रिकामी जागा तिचीच होती.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी प्रबंध मिटला. "मूळ ग्रंथ मी दोनदा चाळला. झोप सापडली, वाक्य नाही सापडलं. कुठल्या पानावर आहे?"

कुठल्याच नव्हतं. तिनेही शोधून पाहिलं होतं. तिने ते वर्गात ऐकलेलं, संस्थापकाच्या नावावर, आता शेजारी बसलेल्या सरांच्या तोंडून. सर तिचे मार्गदर्शक. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ते पाठ्यपुस्तकांत घातलं, तिथून ते लेखांत गेलं. सगळे एकमेकांचा हवाला देत होते, आणि माग काढला की तो सरांच्या वर्गापाशी संपत होता.

तिने आधी बचाव केला. वाक्य कुणाचंही असो, त्याने वाद पेटवले, माणसांची मतं फिरवली. म्हणजे या पंथाच्याच मापाने ते खरं ठरतं.

बाई हसल्या नाहीत. "अगं, उद्या तुझा प्रबंध कुणी स्वतःच्या नावावर खपवला आणि तो झकास चालला, तर? हे वाक्य कोणाचं आहे?"

सर पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. तिने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. गप्प राहिली तर थाप तिच्या नावावर. बोलली तर ज्यांनी तिला घडवलं, ते उघडे पडणार.

"सरांचं," ती म्हणाली.

टोपण थांबलं.

"माझंच," सर म्हणाले. "माझ्या नावाने सांगितलं असतं, तर कुणी वहीत उतरवलं नसतं."

बाईंनी निकाल राखून ठेवला. प्रकरण नव्याने लिहायचं, संस्थापकाच्या जागी सरांचं नाव घालून. रिकामी जागा आता दुसऱ्या कुणाला जाणार, हे खोलीत कुणी बोललं नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सरांनी तिला फोन केला होता. ते काय कबूल करतील याचा अंदाज होता, म्हणून तिने तो उचलला नव्हता.